सांध्यावर बोट ठेवता आलं पाहिजे

खोडदहून निघताना ठरवलं होतं, नारायणगावात आत्याकडे चहापुरतं थांबायचं आणि पुण्याची एसटी धरायची. बोलता बोलता रात्रीचे 11 वाजले आणि एसटी गेली. त्या रात्री ओट्यावर जे बोलणं झालं ते जसं आठवतं तसं लिहितेय, कारण तेव्हापासून माझी काम करण्याची पद्धत बदलली आहे.

आत्या एका संशोधन संस्थेच्या संगणक केंद्रात 31 वर्षं होती. पंच कार्डांपासून सुरुवात केली आणि फोर्ट्रानमध्ये हयात काढली. मी पल्सर शोधते. पल्सर म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा. तो दर फेरीला आपल्या दिशेने रेडिओ लहरींचा एक ठोका पाठवतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या हा ठोका टिपतात. त्याच्याबरोबर मोबाइल, विजेच्या तारा, उपग्रह यांचा गोंगाटही टिपतात. त्या ढिगातून ठोका वेगळा काढणं हे माझं काम.

मी रागातच होते. दोन दिवसांपूर्वी एका पॅकेजची नवी आवृत्ती संगणकावर घेतली, आणि त्याच्यावर उभी असलेली दुसरी तीन पॅकेजं बंद पडली. एकाला जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. एक अख्खी रात्र त्यात गेली.

"आत्या, मी पीएचडीला नाव घातलं ते तारे शोधायला, नळजोडणी करायला नाही," मी म्हटलं. "फायली वाचायला एक पॅकेज, गोंगाट काढायला दुसरं, गणिताला तिसरं, चित्राला चौथं, मशीन लर्निंगला पाचवं. प्रत्येक जण फक्त आपलं बघतो. आमच्याकडे आता एक तयार सॉफ्टवेअर आलंय. एका बाजूने डेटा टाकायचा, दुसऱ्या बाजूने उमेदवारांची, म्हणजे संभाव्य पल्सरांची, यादी घ्यायची. मध्ये काही नाही. मी तेच वापरणार."

"मध्ये काही नाही की मधलं दिसत नाही?"

"दिसायची गरज काय? उत्तर बरोबर असलं की झालं."

"उत्तर बरोबर आहे हे कुणी सांगितलं?"

"त्यांनी तपासलंय ना."

आत्या उठली. मला वाटलं चहा टाकायला गेली, पण ती चप्पल घालून मळ्याकडे निघाली. मला मागून जावं लागलं. धाकट्या काकांची टोमॅटोची लागवड घरामागेच आहे, सगळी ठिबकवर. पंपाशेजारी फिल्टर आहे. त्याच्या आधी एक प्रेशर गेज आणि नंतर एक.

"दोन कशाला बसवलेत?" तिने विचारलं.

"फिल्टर तुंबला की कळावं म्हणून."

"कसं कळतं?"

"आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांत फरक वाढतो."

"मग तुझ्या त्या तयार सॉफ्टवेअरच्या बंद डब्यात गेज कुठे आहेत ते सांग. तुझ्या काकांना टोमॅटोच्या झाडाकडे बघूनही कळलं असतं की पाणी येत नाही. पण तेव्हा झाड वाळलेलं असतं. आणि दोष विहिरीत आहे, पंपात, फिल्टरमध्ये, लॅटरलमध्ये की ड्रिपरमध्ये, हे झाड सांगत नाही. सुटे भाग असण्याचा फायदा ड्रिपर बदलता येतो एवढाच नाही. दोन भागांमधल्या सांध्यावर बोट ठेवून विचारता येतं, इथपर्यंत पाणी आलं का? तुझ्या कामात सांधे किती आहेत?"

मी मोजून दाखवले. आमच्या क्षेत्रात प्रेस्टो नावाचं मुक्तस्रोत, म्हणजे कोड कुणालाही वाचता येईल असं, सॉफ्टवेअर वापरतात. हजाराहून अधिक पल्सर त्याच्या मदतीने सापडले आहेत. एकच मोठा प्रोग्रॅम असं त्याचं रूप नाही, ती छोट्या छोट्या आज्ञांची पेटी आहे. 'आरएफआयफाइंड' ही आज्ञा गोंगाट कुठे आहे ते शोधून एक मुखवटा तयार करते. पुढची पायरी अंतराळातल्या विरल वायूमुळे पडलेला उशीर काढण्याची. कमी कंप्रतेची लहर मागे रेंगाळते, ती किती मागे पडली असेल याचे शेकडो अंदाज धरून 'प्रेपसबबँड' शेकडो मालिका काढते. मग फूरिए रूपांतर होतं. 'ॲक्सेलसर्च' त्यात आवर्तन शोधते. शेवटी 'प्रेपफोल्ड' त्या आवर्तनावर डेटाची घडी घालून चित्र देते. दर टप्प्याला डिस्कवर एक फाइल उरते आणि कुठलीही फाइल उघडून बघता येते.

"बघ, गेज आहेत की!" आत्या म्हणाली. "आणि तुला ते काढून टाकायचेत."

"मला वेळ वाचवायचाय."

ती हसली नाही. "त्या तयार डब्यातून काय आलं ते दाखव."

मी लॅपटॉप उघडला. यादी लांबलचक होती आणि वरच्या काही उमेदवारांवर सॉफ्टवेअरने ठाम शिक्का मारला होता. आत्याने चष्मा सरकवला आणि आवर्तनकाळाचा स्तंभ बोटाने खाली नेत वाचला. दोन ठिकाणी ती थांबली. एकाचा काळ 20 मिलिसेकंदांना चिकटून होता, दुसऱ्याचा 10 मिलिसेकंदांना.

"हे काय आहे?"

"मिलिसेकंद पल्सर असू शकतात."

"अगं, 20 मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला 50. महावितरणची वीज किती हर्ट्झची?"

मला उत्तर माहीत होतं. पल्सरवर काम करणाऱ्या भारतातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते पहिल्या महिन्यात सांगितलेलं असतं. 50 हर्ट्झ, आणि तिची दुप्पट 100. विजेचा हा गुणगुणाट डेटात हुबेहूब पल्सरसारखा ठोका उमटवतो. प्रेस्टोमध्ये अशा ओळखीच्या कंप्रतांची यादी हाताने लिहून द्यायची आणि फूरिएच्या टप्प्यावरच त्या पुसून टाकायच्या, अशी सोयच आहे. त्या यादीतल्या कंप्रतांना 'बर्डी' म्हणतात. तयार सॉफ्टवेअरमध्ये ती यादी कुठे आहे, आहे की नाही, काहीच दिसत नव्हतं.

"हे ज्यांनी बनवलं त्यांच्याकडची वीज कितीची असेल?" आत्याने विचारलं. ते अमेरिकेत बनलं असेल तर तिथली वीज 60 हर्ट्झची. तिथल्या डेटावर शिकलेलं मॉडेल 60 आणि 120 ला खोटं म्हणायला शिकलं असेल आणि 50 त्याने कधी पाहिलंच नसेल, हे अगदी शक्य होतं. पण ते शक्य आहे एवढंच म्हणता येत होतं. झाकण बंद होतं, त्यामुळे खात्री करायला वाट नव्हती.

इथे मी थोडी नरमले, हे कबूल करते. पण माझा राग नुसत्या आळसातून आलेला नव्हता. माझ्याकडे मुद्दे होते आणि ते आजही मला खरे वाटतात.

"आत्या, तुमच्या पिढीची श्रद्धा आहे की उघडं आहे म्हणजे तपासलेलं आहे. मेंदूची एफएमआरआय चित्रं तपासायला एएफएनआय नावाचं मुक्तस्रोत पॅकेज जगभर वापरतात. त्यातल्या एका आज्ञेत चूक होती. ती 15 वर्षं तशीच होती, उघड्यावर. कुणीही वाचू शकत होतं आणि कुणी वाचलं नाही. स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2016 मध्ये ते जगासमोर मांडलं तेव्हा खळबळ उडाली."

आत्या ऐकत होती.

"आणखी एक. रसायनशास्त्रातली एक पायथन स्क्रिप्ट. रेणूच्या रचनेचे आकडे काढायला लोक ती घेऊन वापरत होते. 2019 मध्ये हवाई विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याला दिसलं की तीच स्क्रिप्ट, तोच डेटा, पण संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलतं. कारण काय, तर स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फायलींची यादी मागायची आणि ती यादी क्रमाने येईल असं धरून चालायची. एका सिस्टिमवर क्रमाने यायची, दुसरीवर नाही. शंभराहून जास्त शोधनिबंधांना त्याची झळ बसली असेल असं तेव्हा म्हटलं गेलं. चूक नेमकी सांध्यात होती. तुझ्या लाडक्या सांध्यात."

आत्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "हे मला माहीत नव्हतं. आणि तुझं बरोबर आहे. उघडं ठेवलं म्हणून कुणी वाचतं असं नाही. आम्हीही सगळं वाचलं नाही."

"मग?"

"मग एवढंच विचारते, त्या विद्यार्थ्याने चूक शोधली ती कशी?"

"कोड वाचून."

"झालं तर. उशिरा का होईना, वाचता येत होतं म्हणून सापडली. बंद डब्यातली चूक सापडत नाही असं नाही, पण सापडली तरी बाहेरच्याला दुरुस्त करता येत नाही. त्याला स्वतःलाच वाकावं लागतं."

याचं उदाहरण मलाच आठवलं आणि मी ते तिच्या पारड्यात टाकलं. एक्सेलमध्ये 'मार्च-1' किंवा 'सेप्ट-1' असं जनुकाचं नाव लिहिलं की ते आपोआप तारीख होऊन बसायचं. प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत अशा चुका मोठ्या प्रमाणावर आढळल्या. शेवटी 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली. मार्च-1 चं मार्चएफ-1 झालं, सेप्ट-1 चं सेप्टिन-1. ही आपोआप तारीख करण्याची सवय बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती 2023 मध्ये.

"म्हणजे सॉफ्टवेअर बदलता येईना म्हणून शास्त्राने नावं बदलली," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "याहून मोठी शरणागती कोणती?"

चहा झाला, मग पिठलं-भाकरी झाली. जेवताना ती फिट्सबद्दल बोलली. तो तिचा आवडता विषय आहे आणि मला तो नेहमी कंटाळवाणा वाटायचा. फिट्स हे खगोलशास्त्रातल्या फायलींचं स्वरूप. 1981 मध्ये ते छापून प्रसिद्ध झालं. त्याच्या शीर्षकातली प्रत्येक ओळ बरोबर 80 अक्षरांची असते, कारण पंच कार्डावर 80 रकाने असायचे. कार्डं भंगारात गेली, 80 अक्षरं राहिली. एकदा जी फाइल योग्य फिट्स होती ती कायम योग्य राहील, नव्या नियमाने जुनी फाइल बाद होणार नाही, असा त्या लोकांचा दंडक आहे. वॅटिकन ग्रंथालयाने जुन्या हस्तलिखितांच्या डिजिटल प्रती जपायला हेच स्वरूप निवडलं.

"सुटे भाग जुळतात ते कशामुळे?" ती भाकरी मोडत म्हणाली. "भाग चांगले असतात म्हणून नाही. सांध्याचं माप आधी ठरलेलं असतं म्हणून. तुला तीन पॅकेजं भांडताना दिसली. तिथे कुणीतरी माप पाळलं नाही. म्हणून पाइपच नको, एकसंध दगडी पन्हळ हवी, असं म्हणायचं का?"

मग तिने कृष्णविवराच्या चित्राचं काढलं. 10 एप्रिल 2019 ला एम-87 दीर्घिकेच्या मध्यावरच्या कृष्णविवराची सावली जगाने पाहिली. ते चित्र कुठल्याही एका प्रोग्रॅमने काढलेलं नाही. आधी चार गटांनी एकमेकांशी न बोलता आपापली चित्रं काढली. नंतर तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांनी तेच काम पुन्हा केलं. त्यातलं डिफमॅप 1990 च्या दशकातलं, आणि ईएचटी-इमेजिंग व स्मिली नवी, पायथनमधली. तिघांनाही कडं दिसलं, तेव्हा कुठे जाहीर केलं. हा डेटा पुढे सर्वांसाठी खुला केला तो फिट्सच्याच कुटुंबातल्या स्वरूपात.

"तीन निरनिराळे वाटसरू एकाच घरी पोचले, तेव्हा घर खरं मानलं," आत्या म्हणाली. "तुझ्या डब्यात वाट एकच आहे."

या वाक्यावर मी गप्प बसायला हवं होतं, पण मला माझा निकाल वाचवायचा होता. "त्या सॉफ्टवेअरने अचूकतेचा आकडा फार चांगला दिला आहे," मी म्हटलं.

"कशाची अचूकता?"

मशीन लर्निंग तिने कधी केलं नव्हतं. पण प्रश्न विचारायचा तो तिने बरोबर विचारला. पल्सरच्या उमेदवारांचा एक प्रसिद्ध संच आहे, एचटीआरयू-2, ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीच्या सर्वेक्षणातून आलेला. त्यात 17,898 नमुने आहेत आणि खरे पल्सर 1,639. म्हणजे काहीही न शिकता प्रत्येकाला 'नाही' म्हणणारं मॉडेलसुद्धा 90.8 टक्के वेळा बरोबर ठरतं. मी आकडे सांगितले आणि ही आकडेमोड तिने माझ्यासमोर कागदावर केली. मला ती माहीत होती, तरी आपल्या स्वतःच्या निकालाला लावायचं सुचलं नव्हतं.

"आता सांग, शिकवायला कुठले नमुने दिले आणि परीक्षेला कुठले?"

"ते सॉफ्टवेअर आपोआप वाटतं."

"एकच पल्सर तू किती वेळा पाहिलायस?"

माझ्या पोटात खड्डा पडला. आमच्या संचात तोच पल्सर वेगवेगळ्या दिवशी पाहिलेला असतो. तयार सॉफ्टवेअरने नमुने नुसते पिसून वाटले असतील तर त्याच पल्सरचा सोमवारचा डेटा शिकवणीत आणि मंगळवारचा परीक्षेत गेलेला असणार. म्हणजे पेपर आधीच फुटलेला.

रात्री साडेनऊला मी ते काम सुट्या भागांनी पुन्हा केलं. सायकिट-लर्न हे पायथनमधलं मुक्तस्रोत पॅकेज. 2007 मध्ये गूगलच्या उन्हाळी उपक्रमात एका विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं आणि 2010 मध्ये फ्रान्सच्या इन्रिया संस्थेतल्या गटाने त्याची पहिली सार्वजनिक आवृत्ती काढली. त्याची खुबी साधी आहे. शिकणाऱ्या प्रत्येक भागाला 'फिट' म्हटलं की तो शिकतो आणि 'प्रेडिक्ट' म्हटलं की उत्तर देतो. डेटाला आकार देणारा भाग असेल तर त्याला 'ट्रान्सफॉर्म' म्हणायचं. आत गणित कुठलंही असो, बाहेरचं माप तेच. त्यामुळे एक भाग काढून दुसरा बसवायला एक ओळ पुरते. नमुने वाटायचा भागही वेगळाच आहे. साधा वाटणारा काढून मी गटागटाने वाटणारा 'ग्रुप-के-फोल्ड' बसवला आणि त्याला सांगितलं, एका पल्सरचे सगळे नमुने एकाच बाजूला ठेव.

आकडा घसरला. किती ते इथे लिहीत नाही, प्रबंधात लिहीन. पण जो उरला तो माझा आहे आणि कुणी विचारलं तर तो कसा आला हे मी दाखवू शकते.

इथे बोलणं संपलं असतं तर हा लेख आत्याच्या विजयाचा झाला असता. पण लॅपटॉप मिटताना मी तिला जे विचारलं त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही.

"आत्या, आपल्या जुन्या सामाईक विहिरीचं काय झालं?"

"बुजली."

"का?"

ती थांबली. उत्तर तिला माहीत होतं. भावकीतले सगळे जण पाळीने पाणी घ्यायचे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं होती. पण गाळ काढायची पाळी कुणाची, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

"नमपाय बघ," मी म्हटलं. "आज पायथनमध्ये आकड्यांचं जे काही होतं ते त्याच्यावर उभं आहे. आधी न्यूमेरिक आणि नमअरे असे दोन तट पडले होते. ट्रॅव्हिस ऑलिफंट नावाच्या माणसाने विद्यापीठात शिकवत असताना ते जोडून 2006 मध्ये नमपाय उभं केलं. त्यानंतरची 11 वर्षं लोकांनी ते सवडीने, पदरमोड करून सांभाळलं. त्या कामासाठी पहिलं थेट अनुदान मिळालं 2017 मध्ये. तोवर त्याच्या जिवावर किती प्रबंध झाले असतील आणि किती कंपन्या चालल्या असतील? जॉन हंटरने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचे आलेख बघायला मॅटप्लॉटलिब लिहिलं. तो 2012 मध्ये गेला. त्याच्या आलेखांवर आम्ही सगळे रोज काम करतो. माझ्या बरोबरीच्या किती जणांना त्याचं नाव ठाऊक असेल?"

आत्या ऐकतच होती, म्हणून मी पुढचंही सांगितलं. 2024 च्या मार्चमधली गोष्ट. एक्सझेड नावाचं डेटा दाबून लहान करणारं छोटं पॅकेज, असंख्य लिनक्स यंत्रणांत असलेलं. ते सांभाळणारा जवळजवळ एकटा आणि थकलेला. एक जण मदतीला आला, दोनेक वर्षं चांगलं काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग आत चोरवाट बसवली. ती सापडली कशी, तर आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्याने पिच्छा सोडला नाही. एका माणसाच्या चिकाटीवर सगळं वाचलं.

"तुझे सांधे मला मान्य आहेत," मी म्हटलं. "पण प्रत्येक सांध्यावर एक माणूस बसलेला असतो, फुकट. तो उठून गेला तर? बंद डब्याचे मी पैसे दिलेले असतात. निदान ओरडायला कुणीतरी असतं."

आत्या बराच वेळ मळ्याकडे बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "मी आयुष्यभर ब्लास वापरलं, मॅट्रिक्सच्या गणिताच्या आज्ञांचा संच. 1979 मध्ये छापलेलं. गुणाकार करायला त्यातल्या डीजेमला हाक मारायची, 90 साली आलेल्या. पाच अक्षरी नाव, कारण फोर्ट्रानमध्ये सहाच्या वर चालत नसत. तुझं नमपायही आत आत जाऊन त्यालाच हाक मारतं ना?"

"हो. बहुतेक ठिकाणी तीच."

"एवढ्या वर्षांत एकाही अहवालात मी त्याचा उल्लेख केला नाही. पाण्याचे आभार कोण मानतं? विहीर बुजली ती अशीच." ती तेवढ्यावरच थांबली नाही. "तुमच्याकडे पेपर मोजतात. पॅकेज सांभाळणाऱ्याला त्या कामाबद्दल बढती मिळते का?"

"नाही. वेळ वाया घालवतो म्हणतात."

"मग दोष पॅकेजांचा नाही, मोजणाऱ्यांचा आहे."

मला हे पूर्ण पटलं नाही. दोष कुणाचाही असो, तुटलेलं सॉफ्टवेअर रात्री दोन वाजता माझ्याच पुढ्यात येतं. पण हे सगळं परदेशात होतं, आपण फक्त घेणारे, असं मी म्हटलं तेव्हा मात्र तिने मला गप्प केलं. आयआयटी मुंबईतले प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेलं मायावी हे त्रिमित आलेखांचं पॅकेज जगभर वापरतात. त्याच आयआयटीतला फॉसी प्रकल्प कॉलेजांमध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर पोचवतो. आणि आमच्या जीएमआरटीच्या डेटावरून आकाशाची चित्रं काढणारी कॅप्चर ही साखळी पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या केंद्रातल्या दोन शास्त्रज्ञांनी लिहून खुली ठेवली आहे. कच्ची फाइल दिली की ती नकोसा डेटा गाळण्यापासून चित्रापर्यंतचे सगळे टप्पे ओळीने करते. नव्या विद्यार्थ्याला बटण हवं असतं, ते तिथे आहे. फरक इतकाच की बटणाखालचं झाकण उघडतं.

"मग तुला बटणाचं वावडं नाही?" मी विचारलं.

"मुळीच नाही. काकासुद्धा पंप बटणानेच लावतात."

झोपण्याआधी एकच विषय राहिला, आणि त्यात आम्ही दोघीही चाचपडत होतो. आता कच्च्या डेटापासून थेट उत्तरापर्यंत एकच मोठं न्यूरल नेटवर्क शिकवायची पद्धत आली आहे. मधले टप्पे तेच गिळतं. वर 'ओपन' अशी पाटी असते, पण मिळतात ती शिकून झालेली वजनं. कशावर शिकवलं ते मिळतंच असं नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्हने एआयसाठी ओपन सोर्सची व्याख्या जाहीर केली. तीसुद्धा सगळा डेटा खुला करा असा आग्रह धरत नाही, डेटाची पुरेशी तपशीलवार माहिती द्या म्हणते. आत्याच्या मते हे पुरेसं नाही. मला वाटतं, रुग्णांच्या डेटासारख्या ठिकाणी दुसरा इलाज नाही. यावर आमचं एकमत झालं नाही. निदान आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यावर गेज आपले हवेत, गोंगाट गाळायची चाळणी आपण लिहिलेली हवी, एवढ्यावर मात्र दोघी सहमत झालो. माझ्यापुरता त्याचा अर्थ असा की 50 हर्ट्झची यादी माझ्या हातची, आणि नमुने वाटायचे ते मी.

सकाळी पुण्याच्या एसटीत बसून दोन कामं केली. ज्या पॅकेजने रात्र खाल्ली होती त्याच्या सूचनांच्या पानावर कुठली आवृत्ती कशाबरोबर चालत नाही याची ओळ नव्हती. ती लिहून मी त्यांच्याकडे पाठवली. दुसरं, प्रबंधाच्या शेवटी एक नवं पान उघडलं आणि त्यावर मी वापरत असलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि ज्या शोधनिबंधात त्याची ओळख छापली आहे त्याचा संदर्भ लिहायला घेतला. राजगुरुनगर येईपर्यंत 20 नावं झाली होती आणि यादी संपली नव्हती. ब्लास सगळ्यात वर लिहिलं.

हे वाचणाऱ्यांत कुणी मार्गदर्शक असतील तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या विद्यार्थ्याचा प्रबंध हातात आला की आधी हे पान मागा, आणि ते नसेल तर सही करू नका.